एक स्मृती, अनेक शास्त्रे

मेंदूविज्ञान हा विषय पदवीसाठी निवडणाऱ्या विद्यार्थ्याला घरातून पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘म्हणजे तू न्यूरोलॉजिस्ट होणार का?’ त्याचे उत्तर सुरुवातीलाच देऊन टाकावे. न्यूरोलॉजिस्ट व्हायचे तर एमबीबीएस, मग एमडी आणि त्यानंतर डीएम हा वैद्यकाचा लांबचा रस्ता धरावा लागतो. मेंदूविज्ञानाची पदवी ही विज्ञान शाखेची पदवी आहे. तिने रुग्ण तपासण्याचा परवाना मिळत नाही. मेंदू काम कसे करतो, हे नेमकेपणाने विचारायला आणि पडताळायला ती शिकवते.

मग यात शिकायचे काय? स्मृती हा एकच विषय घेऊन पाहू. १९५३ साली अमेरिकेतील हार्टफर्ड येथे हेन्री मोलायसन या २७ वर्षांच्या तरुणावर अपस्मारासाठी शस्त्रक्रिया झाली. शल्यविशारद विल्यम स्कोव्हिल यांनी त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा मोठा भाग काढला. झटके कमी झाले, पण त्याच्या लक्षात नवे काही राहीना. बोलणे, बुद्धी, लहानपणीच्या आठवणी शाबूत होत्या. नुकताच भेटून गेलेला माणूस मात्र पुन्हा अनोळखी होई. ब्रेंडा मिल्नर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्याला आरशात पाहून चांदणी गिरवायला दिली. दिवसागणिक त्याचा हात सुधारत गेला आणि प्रत्येक दिवशी आपण हे पहिल्यांदाच करत आहोत, असे त्याला वाटत राहिले. घटना लक्षात ठेवणे आणि हाताला सवय लागणे ही मेंदूतील दोन वेगळी कामे आहेत, हे त्यातून स्पष्ट झाले.

ही झाली मानसशास्त्राची बाजू. हिप्पोकॅम्पसमध्ये चालते काय, हे पाहायला शरीरक्रियाशास्त्राकडे जावे लागते. १९७१ मध्ये जॉन ओकीफ आणि जोनाथन दोस्त्रोव्हस्की यांनी उंदराच्या हिप्पोकॅम्पसमध्ये अशा चेतापेशी नोंदवल्या, की उंदीर ठरावीक जागी आला की त्या जोमाने संदेश देऊ लागतात. १९७३ मध्ये टिम ब्लिस आणि तेर्ये लोमो यांनी सशाच्या मेंदूत दाखवले की, चेतापेशींना थोडा वेळ वेगाने उद्दीपित केले तर त्यांच्यामधला जोड कित्येक तास बळकट राहतो. स्मृती टिकते कशी, याच प्रश्नासाठी एरिक कँडेल यांनी ॲप्लिसिया ही समुद्री गोगलगाय निवडली, कारण तिच्या अवघ्या सुमारे २०,००० चेतापेशींपैकी काही डोळ्यांनी दिसतील एवढ्या मोठ्या असतात. अल्पकाळच्या स्मृतीला आधीपासूनच्या जोडांतले रासायनिक बदल पुरतात, दीर्घकाळच्या स्मृतीसाठी नवी प्रथिने तयार व्हावी लागतात, हे त्यांच्या कामातून उलगडले. २००० सालच्या नोबेल पुरस्कारात त्यांचा वाटा होता.

रुग्ण, उंदीर, ससा, गोगलगाय : यांतले कोणतेही एक उत्तर दुसऱ्याला रद्द करत नाही आणि कोणतेही एकटे पुरत नाही. या पदवीचे मर्म हेच. म्हणून तिच्या अभ्यासक्रमात जीवशास्त्राच्या जोडीला रसायनशास्त्र, विद्युत्प्रवाह समजण्यापुरते भौतिकशास्त्र, मानसशास्त्र, संगणक-प्रोग्रॅमिंग आणि संख्याशास्त्र येते.

यांतल्या शेवटच्या विषयाला बहुतेक जण बिचकतात. त्यांनी २००९ मध्ये क्रेग बेनेट आणि सहकाऱ्यांनी मांडलेला प्रयोग जरूर वाचावा. त्यांनी एक मेलेला सामन मासा मेंदूतील हालचाल टिपणाऱ्या एफएमआरआय यंत्रात ठेवला आणि त्याला माणसांची छायाचित्रे ‘दाखवली’. हजारो ठिकाणची मोजमापे एकाच वेळी तपासताना करावी लागणारी दुरुस्ती वगळली, तेव्हा मेलेल्या माशाच्या मेंदूतही ‘हालचाल’ दिसली. दुरुस्ती करताच ती नाहीशी झाली. वर्तमानपत्रांत छापून येणारी मेंदूची रंगीत चित्रे कशी वाचायची, हे या एका प्रयोगाने पुष्कळ कळते.

आपल्याकडे बारावीनंतर थेट या नावाची पदवी देणारी ठिकाणे मोजकीच आहेत. त्यामुळे नावावर अडून बसू नये. पुण्याच्या आयसरमधील बीएस-एमएस किंवा चांगल्या महाविद्यालयातील जीवशास्त्र, भौतिकशास्त्र, मानसशास्त्र यांपैकी कोणतीही पदवी इथवर आणते. पुढे संशोधनासाठी मानेसरचे राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र, बंगळुरूची निम्हान्स, भारतीय विज्ञान संस्था आणि एनसीबीएस, मुंबईची टीआयएफआर अशी दारे उघडी आहेत.

येणाऱ्या प्रत्येकाचे या शास्त्रात स्वागत आहे, मग तो बेडकाच्या विच्छेदनात रमलेला असो की समीकरणांत. विनंती दोनच : पाठ्यपुस्तकातल्या प्रत्येक विधानामागे कोणता प्रयोग आहे, हे शोधून मूळ शोधनिबंध वाचायची सवय पहिल्या वर्षीच लावा; आणि दहावीनंतर गणित सोडले असेल, तर ते पुन्हा धरा.