सर्दी-फ्लूनंतर स्कूबा डायव्हिंग : कान मोकळे झाल्याशिवाय पाण्यात उतरू नका

पावसाळा संपला की बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या गाड्या समुद्राकडे वळतात. कुणी मालवण-तारकर्लीला, कुणी गोव्यात ग्रँड आयलंडला, तर कुणी मुर्डेश्वरजवळच्या नेत्राणी बेटावर स्कूबा डायव्हिंगला जातो. नेमकी तेव्हाच एखाद्याला सर्दी झालेली असते. ॲडव्हान्स भरलेला, ग्रुप ठरलेला. मग गोळी घेऊन पाण्यात उतरायचं ठरतं आणि फॉर्मवर सर्दीचा उल्लेखही होत नाही. धोका इथंच सुरू होतो.

आंबोली किंवा चोर्ला घाट उतरताना कानाला दडे बसतात, हे इकडच्या सगळ्यांना माहीत आहे. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण 750 मीटर उंच. पण तिथून किनाऱ्यापर्यंत हवेच्या दाबात जो फरक पडतो, तो एक मीटर पाण्याच्या दाबापेक्षाही कमी असतो. पाण्यात 5 मीटरवर दाब दीडपट होतो, 10 मीटरवर दुप्पट. कानाच्या पडद्यामागची हवा त्या प्रमाणात आकसते. घशातून मध्यकर्णाकडे जाणाऱ्या युस्टेशियन नळीतून नवी हवा आत गेली तरच पडदा सुरक्षित राहतो. सर्दीत ही नळी सुजलेली असते. त्यामुळे "आम्ही काय फार खोल जाणार नाही" हा युक्तिवाद कामाचा नाही. दाबातला सर्वांत मोठा फरक पहिल्या 10 मीटरमध्येच पडतो.

गोळी किंवा नाकातले थेंब घेऊन उतरणं हा त्यातला फसवा मार्ग. खाली जाताना कान-सायनस मोकळे वाटतात. पाण्यात असताना औषधाचा असर उतरला, की वर येताना फुगणाऱ्या हवेला बाहेर पडायला वाट उरत नाही. खाली जाताना दुखलं तर वर येता येतं. वर येताना दुखलं तर कायमचं खाली थांबता येत नाही. शिवाय सर्दीच्या काही गोळ्यांनी झोप येते, ती वेगळीच.

मग किती दिवस थांबायचं? ठरावीक आकडा नाही. औषध बंद केल्यावर नाक मोकळं राहायला हवं. नाक चिमटीत धरून, तोंड मिटून हळूच हवा ढकलली की दोन्ही कान सहज उघडायला हवेत. एकच कान उघडला तर ट्रिप पुढे ढकलावी. जोर मात्र लावू नये. त्यानं आतल्या कानाला इजा होऊन कायमचा बहिरेपणा येऊ शकतो.

फ्लूची गोष्ट जास्त गंभीर. ताप उतरला तरी खोकला आणि छातीतला कफ दोन-दोन आठवडे राहतो. कफानं अडलेली हवा वर येताना फुगली तर फुप्फुसाला इजा होते आणि हवेचे बुडबुडे रक्तात शिरू शकतात. खोकला पूर्ण थांबलेला असावा, जिने चढताना धाप लागू नये. न्यूमोनिया किंवा दमा असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच.

डाइव्हनंतर कान बंद राहिला, कमी ऐकू आलं, चक्कर आली तर कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठावा. छातीत दुखणं, धाप किंवा हातापायाला बधिरपणा जाणवला तर घाट चढून घरी पोचायची वाट पाहू नये. किनाऱ्यावरच ऑक्सिजन मागावा, जवळचं हॉस्पिटल गाठावं आणि डाइव्ह केल्याचं तिथं आधी सांगावं.