अनुबोधपटांतील शाहीर

वाङ्मयेतिहासाचे लेखक मौखिक परंपरेचा उल्लेख आदराने करतात आणि लगेच छापील ग्रंथांकडे वळतात. शाहिरी कवितेच्या वाट्याला ही उपेक्षा विशेषत्वाने आली. ती श्रोत्यांच्या गर्दीत उभी राहून गायची असते. कागदावर उतरली तरी तिचा निम्मा जीव मागे राहतो. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांतील मुंबईच्या दलित शाहिरीचा प्रत्यक्ष स्वर आज ऐकायचा असेल, तर ग्रंथांपेक्षा अनुबोधपटांकडे जावे लागते. आनंद पटवर्धन यांचे ‘हमारा शहर’ (१९८५) आणि ‘जय भीम कॉम्रेड’ (२०११) हे दोन अनुबोधपट साहित्याच्या विद्यार्थ्यांनी लागोपाठ पाहावेत, असे सुचवण्यामागे हेच कारण आहे.

आपल्याकडे वास्तवाचे चित्रण कथापटाहून जुने आहे. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांनी १८९९ मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डनमधील एका कुस्तीचे चित्रण केले आणि १९०१ मध्ये केंब्रिजहून परतलेल्या रँग्लर परांजपे यांच्या स्वागताचे. यांपैकी कुस्ती हा सामान्यांचा खेळ आणि रँग्लरचे स्वागत हा प्रतिष्ठितांचा सोहळा. कॅमेऱ्याला दोन्ही सारखेच नवे होते. स्वातंत्र्यानंतर, १९४८ मध्ये, फिल्म्स डिव्हिजनची स्थापना झाली आणि मुख्य चित्रपटाच्या आधी तिचे पट दाखवणे चित्रपटगृहांना बंधनकारक झाले. धरणे, कारखाने, कुटुंबनियोजन आणि त्यांवर एक भारदस्त निवेदन असा त्यांचा ठरलेला साचा प्रेक्षकांच्या स्मरणात राहिला. त्या साच्याची थट्टा करणे सोपे आहे; परंतु १९६७ मध्ये त्याच संस्थेतून एस. एन. एस. शास्त्री यांचा ‘आय ॲम ट्वेंटी’ निघाला, हे विसरता येत नाही. स्वातंत्र्याच्या वर्षी जन्मलेल्या तरुणतरुणींना त्यांनी देशाविषयी बोलते केले, आणि त्यांतील कोणी उमेदीने तर कोणी उघड वैतागाने बोलले. निवेदकाची जागा माणसांच्या स्वतःच्या बोलण्याने घेतली, हे त्या छोट्या पटाचे महत्त्व. (ही संस्था २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली.)

‘हमारा शहर’ हा या सरकारी परंपरेबाहेरचा. फुटपाथवर आणि झोपडपट्ट्यांत राहणाऱ्यांना मुंबईतून हुसकावून लावण्याच्या मोहिमेने १९८१ पासून जोर धरला होता. तो प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि १९८५ च्या निकालात न्यायालयाने जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो हे मान्य करूनही फुटपाथ रिकामे करण्याचा पालिकेचा अधिकार कायम ठेवला. पटवर्धनांचा कॅमेरा मोडल्या जाणाऱ्या झोपड्यांपाशी उभा राहतो आणि तेथून सुखवस्तू नागरिकांच्या दिवाणखान्यांतही जातो. तेथील संभाषण ऐकताना संताप येतो. तरी पटाचा कस लागतो तो एका वेगळ्याच क्षणी. एक त्रस्त झोपडीवासी स्त्री कॅमेऱ्यामागच्या माणसालाच फैलावर घेते. गरिबांची चित्रे घेऊन तुम्ही नाव कमवाल, आमच्या हाती काय येणार, अशा आशयाचा तिचा सवाल आहे. दिग्दर्शकाने तो कापून टाकला नाही. त्याला उत्तर देण्याचा आवही आणला नाही.

याच पटात एक शाहीर गातात. त्यांचे नाव विलास घोगरे. शहर उभारणाऱ्याला शहरात जागा नाही, ही पटाची सारी व्यथा त्यांच्या आवाजात उतरली आहे. पण प्रेक्षकाला त्यांच्याविषयी फारसे काही कळत नाही. ते इतरांचे दुःख गाणारे गायक एवढेच राहतात.

पुढे ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याची विटंबना झालेली आढळली. निषेधासाठी जमलेल्या लोकांवर राज्य राखीव पोलीस दलाने गोळीबार केला आणि १० जण मृत्युमुखी पडले. चौथ्या दिवशी घोगरे यांनी मुलुंडमधील आपल्या झोपडीत जीवनयात्रा संपवली. डाव्या चळवळीत वाढलेल्या आणि ज्या संघटनेसाठी गायले तिनेच पुढे दूर केलेल्या या शाहिराने अखेरच्या वेळी डोक्याला निळे फडके बांधले होते.

‘जय भीम कॉम्रेड’ची सुरुवात या मृत्यूपासून होते. पटवर्धन सुमारे १४ वर्षे चित्रीकरण करीत राहिले. गोळीबाराचा खटला त्या काळात रेंगाळला. पोलीस अधिकाऱ्याला सत्र न्यायालयाने २००९ मध्ये जन्मठेप सुनावली आणि त्यानंतर तो जामिनावर सुटला. ‘हमारा शहर’मध्ये जो आवाज पार्श्वभूमीला होता, त्या आवाजाचा माणूस येथे मध्यभागी आला. त्याचे घर, त्याचे सहकारी, त्याच्या निष्ठांमधील लाल आणि निळा हा ताण, सारे. त्या जुन्या स्त्रीच्या सवालाला उत्तर म्हणता येईल असे काही असेल, तर ते या चौदा वर्षांत आहे, असे मला वाटते.

पट घोगरे यांच्यापाशी थांबत नाही. कचरा वाहणारे कामगार, वस्त्यांतील जलसे, आणि शेवटी पुण्याच्या कबीर कला मंचाची तरुण मुले येतात. शीतल साठे यांचे गाणे आणि त्यांच्या देवभोळ्या आईचे बोलणे शेजारी शेजारी ऐकताना एकाच घरातले दोन काळ दिसतात. गाण्याची जात येथे बदललेली आहे. घोगरे यांच्या आवाजातील दुखरेपणाच्या जागी आता आव्हान आले आहे. मंचावर नक्षलवादाचा आरोप झाला. काही कलावंत भूमिगत झाले, आणि साठे व सचिन माळी २ एप्रिल २०१३ रोजी विधानभवनासमोर गात गात पोलिसांच्या स्वाधीन झाले.

भारतातील पहिला जाहीर खेळ ९ जानेवारी २०१२ रोजी भायखळ्याच्या बीआयटी चाळीत झाला. लांबी ३ तासांहून अधिक असल्याने महाविद्यालयात तो दोन बैठकांत दाखवण्यास हरकत नाही. मराठी न जाणणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी उपशीर्षके आहेत. मात्र पदे प्रथम ती न वाचता, केवळ कानांनी ऐकावीत. आणि ‘हमारा शहर’ आधी पाहिलेला असावा.