जलरंग आणि प्रकाश

निसर्ग जलरंगांत उतरविण्याचा छंद ज्यांनी केला आहे, त्यांना त्यांतील आनंद आणि अडचण हीं दोन्ही एकाच क्षणीं भेटतात. तैलरंगांत चुकलेल्या फटकाऱ्यावर दुसरा देतां येतो. येथें कागद वाळण्यापूर्वीं आकाश साधलें तर साधलें! शिवाय उत्तम जलरंगचित्रांतला शुभ्रपणा बहुधा रंगाचा नसतो, कागदाचाच असतो.

इ. स. १७८१ मध्यें लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सनें रीव्ह्ज बंधूंस त्यांच्या रंगांच्या वड्यांबद्दल पारितोषिक दिलें. रंग खलण्याचा त्रास वांचला आणि चित्रकारास पेटी घेऊन नदीकाठीं जाणें सोपें झालें. टॉमस गर्टिनच्या १८०० सालच्या चित्रांत सांजवेळची थेम्स नदी आहे आणि दूर चेल्सीचें एक पांढरें घर चमकतें. तें घर म्हणजे जवळजवळ कोरा ठेवलेला कागद! दोनच वर्षांनीं, वयाच्या २७ व्या वर्षीं, गर्टिन वारला.

परंतु ज्या प्रकाशासाठीं हा सारा खटाटोप, तोच या चित्रांचा वैरी ठरला. ढगांसाठीं चित्रकार नीळ व तांबड्या मातीचा रंग मिसळीत. उजेडानें नीळ उडते आणि तांबूस ढग तेवढे मागें उरतात. कोणते रंग किती विटतात, हें रसेल व ॲबनी यांनीं १८८८ सालीं प्रयोगांनीं दाखविलें. टर्नरचीं ३८ जलरंगचित्रें हेन्री व्हॉन यानें १९०० सालीं मृत्युपत्रानें एडिंबरोच्या राष्ट्रीय चित्रशाळेस दिलीं, तीं फक्त जानेवारींतल्या मंद उजेडांत दाखवावीं या अटीवर.

उरलेले अकरा महिने तीं अंधारांत राहिलीं, म्हणूनच त्यांतलें ऊन ताजें राहिलें.