एकॉर्न सुतार पक्षी

एकॉर्न सुतार पक्षी (शास्त्रीय नाव: मेलानर्पीस फॉर्मिसिव्होरस) हा पिसिडी कुळातील, समूहाने राहणारा सुतार पक्षी आहे. ओक वृक्षाच्या कवचयुक्त फळास एकॉर्न म्हणतात. त्यावरून या पक्ष्यास हे नाव मिळाले. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या ओरेगन व कॅलिफोर्निया राज्यांपासून मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून कोलंबियापर्यंतच्या ओकवनांत तो आढळतो. त्याच्या डोक्यावर लाल टोपी, चेहऱ्यावर काळे-पांढरे पट्टे आणि डोळ्यांत फिकट बुबुळे असतात.

धान्यागार वृक्ष

हे पक्षी वाळलेल्या फांद्यांत किंवा जाड सालीत छिद्रे कोरून प्रत्येकात एकेक ओकफळ घट्ट बसवतात. फळ वाळून आकसले की ते सैल होते व चोरीस जाण्याची शक्यता वाढते. म्हणून पक्षी ते काढून लहान छिद्रात हलवतात. दरवर्षी थोडीच नवी छिद्रे कोरली जात असल्याने हजारो छिद्रांचे झाड हे अनेक पिढ्यांच्या श्रमाचे फळ असते. हिवाळ्यातील जगणे आणि वसंतातील वीण बऱ्याच अंशी या साठ्यावर अवलंबून असते. पिल्लांना मात्र प्रामुख्याने कीटक भरवले जातात.

क्षेत्रीय निरीक्षण

कॅलिफोर्नियातील कार्मेल खोऱ्यात १९३७ साली स्थापन झालेले हेस्टिंग्ज संशोधन क्षेत्र आहे. तेथे मायकेल व बार्बरा मॅकरॉबर्ट्स यांनी १९६८ मध्ये या पक्ष्याचा अभ्यास सुरू केला. पुढे वॉल्टर कोनिग, रोनाल्ड मम्मी आदींनी तो अनेक दशके चालवला. पायांत रंगीत कड्या घातल्यामुळे प्रत्येक पक्षी ओळखता येतो आणि त्याचे नाते, स्थलांतर व वीण यांची नोंद वर्षानुवर्षे ठेवता येते.

सहकार्य आणि संघर्ष

एका समूहात परस्परांचे नातेवाईक असलेले अनेक नर आणि एक किंवा अधिक माद्या प्रजनन करतात. आधीच्या विणींतील संतती पिल्लांच्या संगोपनात साहाय्य करते. एकाच ढोलीत अंडी घालणाऱ्या माद्या बहुधा बहिणी किंवा आई-मुलगी असतात. तरीही स्वतः अंडी घालण्यास सुरुवात करण्यापूर्वी मादी दुसरीची अंडी ढोलीबाहेर काढून नष्ट करते. स्वतःचे अंडे घातल्यावर ती थांबते, कारण त्यानंतर स्वतःचेच अंडे नष्ट होण्याचा धोका असतो.

समूहातील सर्व प्रजननक्षम नर किंवा सर्व माद्या मरण पावल्यास ती जागा मिळवण्यासाठी इतर समूहांतील भावांच्या किंवा बहिणींच्या टोळ्या अनेक दिवस लढतात. सहस बर्वे व सहकाऱ्यांनी रेडिओ उपकरणांच्या साहाय्याने केलेला या लढायांचा अभ्यास २०२० मध्ये ‘करंट बायॉलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. लढाईत भाग न घेणारे पक्षीही दुरून येऊन ती पाहतात, असे त्यात आढळले.

ओकवनाशी संबंध

फळांचा हंगाम चुकल्यास साठा लवकर संपतो आणि समूहास आपले क्षेत्र सोडावे लागू शकते. ओकच्या निरनिराळ्या जाती सहसा एकाच वर्षी निष्फळ ठरत नाहीत; त्यामुळे विविध जातींचे ओक असलेल्या वनांत हे पक्षी अधिक स्थिरपणे टिकतात. जुने धान्यागार वृक्ष पडल्यास तेवढी छिद्रे पुन्हा तयार होण्यास दीर्घ काळ लागतो. त्यामुळे जुन्या व वाळलेल्या झाडांचे जतन या पक्ष्याच्या संवर्धनात महत्त्वाचे ठरते.