घरी बाळंत होण्याचा हक्क मागणाऱ्या बायका

बाळंतपण दवाखान्यातच करा, असे आशाताई आपल्याला सांगतात आणि ते योग्यच आहे. पण इंग्लंडमधल्या काही बायका घरी बाळंत होता यावे म्हणून वर्षानुवर्षे भांडल्या. त्या अडाणी नव्हत्या. मग त्या नेमके काय मागत होत्या? आज त्यांचीच गोष्ट ऐकूया.

इंग्लंडमध्ये १९०२ साली सुईणींचा कायदा झाला. तेव्हापासून सुईणीला शिक्षण आणि सरकारी नोंदणी लागू लागली. पुढे १९३६ च्या कायद्याने पगारी सुईणी नेमल्या गेल्या. सायकलवर पिशवी अडकवून त्या घरोघरी जात. १९६० च्या सुमारास तिथली तीनातली एक बाई घरीच बाळंत होत असे.

त्याच वर्षी सॅली विलिंग्टन या बाईंनी वर्तमानपत्राला एक पत्र लिहिले. दवाखान्यात गरोदर बाईला एकटे टाकतात, आपुलकीने बोलत नाहीत, बाळही जवळ देत नाहीत, अशी त्यांची तक्रार होती. पत्र छापून आल्यावर 'आमचेही असेच झाले' अशी ढीगभर उत्तरे आली. त्यातून बायकांची एक संघटना उभी राहिली. जनावरांवरील क्रूरता रोखणारी संस्था तिथे होतीच, म्हणून यांनी आधी 'गरोदर बायकांवरील क्रूरता रोखणारी संस्था' असे नाव घेतले. पुढे ते बदलून 'बाळंतपणाची सेवा सुधारणारी संघटना' अशा अर्थाचे झाले. सगळ्या कामकरणी बिनपगारी. घरकाम सांभाळून त्या पत्रांना उत्तरे देत, फोनवर सल्ला देत, अंक काढत.

सुरुवातीला तर त्या दवाखान्यात जास्त खाटा मागत होत्या! पण १९७० मध्ये सर जॉन पील यांच्या सरकारी समितीने सांगितले की शंभरातल्या शंभर बाळंतपणांची सोय दवाखान्यात हवी. हे पील राणीचे डॉक्टर. आणि राणीची चारही मुले राजघराण्याच्या राहत्या घरीच जन्मली होती! पुढच्या दहा वर्षांत घरची बाळंतपणे शेकड्याला एकावर आली. घरी बाळंत व्हायचे म्हटले तर सुईण मिळेना. तेव्हा संघटना घरी बाळंत होऊ इच्छिणाऱ्या बायकांच्या पाठीशी उभी राहिली.

मार्जोरी ट्यू या आकडेशास्त्राच्या जाणकार बाईंनी सरकारचेच आकडे तपासले. सगळ्यांना दवाखान्यात नेल्यामुळेच बाळे वाचली, असे त्यातून सिद्ध होत नाही, हे त्यांनी दाखवले. त्यांचे कुणी लवकर ऐकले नाही. शेवटी १९९२ मध्ये संसदेच्या समितीने मान्य केले की सुरक्षिततेचे कारण देऊन प्रत्येकीला दवाखान्यात पाठवणे समर्थनीय नाही. बाईला निवड हवी, हे पुढच्या वर्षी सरकारी धोरणात आले.

२०११ मध्ये सुमारे ६४ हजार बायकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. या सगळ्या कमी जोखमीच्या होत्या. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेच्या बायकांच्या बाळांना घरी जास्त धोका दिसला नाही. पहिलटकरणींच्या बाळांना मात्र थोडा जास्त दिसला, आणि त्यांच्यापैकी शेकडा ४५ जणींना मध्येच दवाखान्यात हलवावे लागले.

इथेच नीट लक्ष द्या. तिथे घरी येते ती शिकलेली, नोंदणी असलेली सुईण, आणि अडले तर गाडी व दवाखाना तयार असतो. आपल्या वाडीवस्तीवर ही सोय नाही. रक्तस्राव सुरू झाला तर हाताशी वेळ फार थोडा असतो. म्हणून आपण दवाखान्यातच जायचे.

पण त्या बायकांची खरी मागणी आपलीही आहे: बाईला विचारा, तिच्यावर ओरडू नका, तिच्याजवळ आपले माणूस राहू द्या. आपल्या सरकारच्या २०१७ च्या 'लक्ष्य' कार्यक्रमातही बाळंतिणीला सन्मान आणि सोबत देण्याचे सांगितले आहे. बचत गटाच्या पुढच्या बैठकीत हा विषय काढा. आपल्या आरोग्य केंद्रात सोबतीला कुणाला राहू देतात का, ते चौघीजणी मिळून विचारून या. एकीच्या पत्राने तिथे सुरुवात झाली होती.