निर्लेखित गाड्यांचा पाठभेद

मराठीत 'जीर्णोद्धार' हा शब्द आपण बहुधा देवळापुरता वापरतो. जे जीर्ण झाले ते वर उचलायचे, पुन्हा उभे करायचे, एवढाच त्याचा अर्थ. ते पूर्वी होते तसेच दिसले पाहिजे, अशी अट त्या शब्दात नाही. जुन्या मोटारींच्या जगात मात्र या एकाच कामाचे दोन पंथ आहेत. 'रिस्टोरेशन' म्हणजे गाडी कारखान्याबाहेर पडली त्या दिवसाच्या अवस्थेला तिला परत नेणे. 'मॉडिफिकेशन' म्हणजे आजच्या गरजेप्रमाणे किंवा हौसेप्रमाणे तिच्यात बदल करणे. या दोन पंथांतला वाद साहित्याच्या अभ्यासकाला अपरिचित वाटू नये. पाठचिकित्सेतही प्रश्न हाच असतो : संहिता कोणत्या क्षणाची खरी मानायची?

हा वाद सर्वांत तीव्र झाला तो अमेरिकेतल्या 'मसल कार'भोवती. १९६४ साली पाँटिअ‍ॅक कंपनीने मध्यम आकाराच्या टेम्पेस्ट गाडीत मोठ्या गाडीचे ६.४ लिटरचे इंजिन बसवून 'जीटीओ' विकायला काढली. या प्रकाराची सुरुवात तिच्यापासून धरण्याचा प्रघात आहे. पण हलक्या सांगाड्यात भारी इंजिन घालण्याची कल्पना कंपनीची नव्हती. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीपासून आणि नंतर तर मोठ्या प्रमाणावर कॅलिफोर्नियातील तरुण आपापल्या गॅरेजमध्ये जुन्या फोर्ड गाड्यांवर हेच करीत होते. कारखान्याने त्यांची खटपट उचलली आणि तिला अधिकृत नाव दिले. प्रदूषणाचे कायदे, विम्याचे वाढते हप्ते आणि १९७३चे तेलसंकट यांमुळे जेमतेम दहा वर्षांत हा काळ संपला.

त्यानंतर या गाड्या संग्रहाच्या वस्तू झाल्या. इंजिनावर ठोकलेला क्रमांक गाडीच्या क्रमांकाशी जुळतो का, रंग त्याच वर्षाच्या पत्रकातला आहे का, यांवर किंमत ठरू लागली. दुसरा पंथ म्हणाला, बाह्यरूप जुने ठेवा, पण ब्रेक आणि इंजिन आजचे बसवा. या वादाला २०२०च्या जानेवारीत एक वेगळेच वळण मिळाले. 'बुलिट' या १९६८च्या चित्रपटात वापरलेली मस्टँग लिलावात ३७ लाख डॉलरहून अधिक किमतीला गेली. एका कुटुंबाने ती १९७४ मध्ये ६ हजार डॉलरला घेतली होती आणि घरची गाडी म्हणून वापरली होती. तिला नवा रंग दिलेला नव्हता. चित्रीकरणासाठी केलेले बदल आणि पुढच्या वापराचे ओरखडे तसेच होते, आणि तिचे मोल त्यांतच होते. ज्या बदलांना एरवी दोष मानले असते, ते येथे पुरावा ठरले.

आपल्याकडे मसल कार आलीच नाही, याचे कारण आर्थिक इतिहासात आहे. मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सने १९२८ मध्ये जुळणीचा कारखाना काढला होता. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९४७ पासून कुर्ल्यात डॉज, प्लिमथ आणि डिसोटो जोडायला आरंभ केला. पण १९५३च्या धोरणाने नुसत्या जुळणीला दार बंद केले. उत्पादन येथेच करण्याची तयारी हवी होती. जनरल मोटर्स १९५४ मध्ये निघून गेली. मसल कारचे दशक उगवले तेव्हा आपली बाजारपेठ बंद झालेली होती. मागे उरल्या त्या आधीच आलेल्या अमेरिकी गाड्या. त्यांचे सुटे भाग मिळेनासे झाले, पेट्रोल महागले, आणि मिस्त्रींनी त्यांत मिळतील ती डिझेल इंजिने बसवली. तिकडे बदल वेगासाठी झाला, इकडे आयुष्य लांबवण्यासाठी.

या सर्वांत दीर्घायुषी ठरली ती जीप. तिची जन्मकथाच पाठभेदांची आहे. १९४० मध्ये अमेरिकी सैन्यासाठी पहिला नमुना बँटम या छोट्या कंपनीने केला. प्रमुख उत्पादन विलीज आणि फोर्ड यांनी केले, आणि दोघांनी मिळून युद्धकाळात सहा लाखांहून अधिक गाड्या बनवल्या. रचना एकच, तरी फोर्डने आपल्या बोल्टांच्या माथ्यावर 'एफ' हे अक्षर उमटवले. आजचा काटेकोर संग्राहक तो एफ असलेला बोल्ट शोधत फिरतो. एखाद्या हस्तलिखितात लेखकूच्या वळणावरून प्रत ओळखावी, तसाच हा प्रकार.

जगदीशचंद्र आणि कैलाशचंद्र महिंद्र यांनी मलिक गुलाम मोहम्मद यांच्यासह १९४५ मध्ये कंपनी स्थापली. फाळणीनंतर मोहम्मद पाकिस्तानचे अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनीचे नाव 'महिंद्र अँड महिंद्र' झाले. विलीजच्या जीपची जुळणी या कंपनीने मुंबईत सुरू केली. पुढे आपल्याकडे रुळली ती उंच बॉनेटची जीप, म्हणजे विलीजचे १९५३चे 'सीजे-३बी' हे रूप. नवे इंजिन उंच होते, म्हणून बॉनेट उंच करावे लागले. आपण जिला मूळ जीप समजतो, ती स्वतःच एक तडजोड होती. १९८०च्या दशकातल्या 'एमएम-५४०'मध्ये तर प्यूजो या फ्रेंच कंपनीच्या रचनेचे डिझेल इंजिन आले. आणि २०१८ मध्ये याच परंपरेतली 'रॉक्सर' महिंद्रने अमेरिकेत विकायला नेली, तेव्हा तिथल्या व्यापार आयोगाने २०२० मध्ये निर्णय दिला की तिचे रूप जीपच्या रूपाचे उल्लंघन करते. सत्तर वर्षे दुसऱ्या देशात वाढलेले रूप मायदेशी परके ठरले आणि कंपनीला त्याचा चेहरा बदलावा लागला.

या जीपचे खरे चरित्र मुंबईत घडले नाही. ते धानोऱ्यासारख्या ठिकाणी घडले. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळा झाला. सुमारे ७० टक्के भूभाग वनाचा, आणि रेल्वे दीर्घकाळ फक्त वडशापुरती. गडचिरोलीहून पूर्वेला निघालेला रस्ता धानोरा, मुरूमगाव करीत छत्तीसगडात उतरतो. पावसाळ्यात नाले भरले की आतली गावे तुटतात. अशा मुलखात चारही चाकांना जोर देणारी गाडी ही चैन नव्हती. साहेबांच्या दौऱ्याची जीप वेगळी आणि माणसे कोंबून नेणारी काळी-पिवळी वेगळी, पण सांगाड्याचे घराणे बहुतेकदा एकच. मागे आडव्याऐवजी उभे बाक, ताडपत्रीऐवजी पत्र्याचे छत, छतावर सामानाची जाळी, वाढलेल्या ओझ्यासाठी जादा पाटे : यांतला प्रत्येक बदल म्हणजे त्या रस्त्याने गाडीवर लिहिलेली टीप आहे. तो बदल पुसून गाडी 'मूळ' केली, तर रस्त्याचा इतिहास पुसला जातो.

येथे दोन जुने दाखले आठवतात. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि पुढे कोणी तिच्यात आपली ओवी घालू नये, असा इशारा दिला. तो रिस्टोरेशनचा बाणा होता आणि त्याची गरज होती. प्रक्षेप वाढत गेले असते तर ग्रंथ ओळखेनासा झाला असता. दुसरा दाखला याच जिल्ह्यातला, वैनगंगेकाठच्या मार्कंडा मंदिराचा. वीज पडून मुख्य मंदिराचे शिखर ढासळल्यावर चांद्याच्या गोंड राजवटीत आत जाड खांब आणि कमानी घालून छत तोलून धरले गेले. शिल्पाच्या दृष्टीने ती भर बेढब आहे. पण मूळ दगड आपल्यापर्यंत पोचायला त्या बेढब खांबांची मदत झाली. ग्रंथाची एक शुद्ध प्रत शोधता येते, कारण इतर प्रती शिल्लक राहतात. देऊळ आणि गाडी यांची प्रत एकच असते. तिच्यावरचा आधीचा थर खरवडला की तो कायमचा गेला.

आपल्या कायद्याने मात्र एकच पंथ निवडला आहे. निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितले. सुरक्षिततेच्या दृष्टीने त्यात तथ्य आहे. उभ्या बाकांवर कोंबलेल्या माणसांचे अपघात कोणाला नको आहेत? पण २०२१च्या नियमांनी 'विंटेज' वाहनाची जी व्याख्या केली, तिथे प्रश्न सुरक्षिततेचा नसून वारशाचा आहे. गाडी ५० वर्षांहून जुनी हवी, मूळ रूपात हवी, आणि सांगाडा, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा. अशा गाडीला 'व्हीए' अक्षरांचा क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये. संस्थानिकाच्या मोटारखान्यात झाकून ठेवलेली गाडी या व्याख्येत सहज बसते. जंगलात चाळीस वर्षे राबलेली, दोनदा इंजिन बदललेली जीप बसत नाही. शिवाय १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरील सरकारी वाहनांची नोंदणी थांबली आणि त्यांची वाट भंगाराकडे वळली.

सरकारी मराठीत याला 'निर्लेखन' म्हणतात. नोंदवहीतून नाव उतरवणे, लिहिलेले नाहीसे करणे. शब्द नकळत नेमका साधला आहे. सगळ्या जुन्या जीपा जपा, असे म्हणणे व्यवहार्य नाही, आणि धूर ओकणाऱ्या इंजिनांचे गोडवे गाण्यातही अर्थ नाही. पण संपादक जसा पाठभेदांची यादी तळटीपेत ठेवतो, तसे काही येथे करता येईल. गाडी कापण्याआधी तिची छायाचित्रे, सांगाडा व इंजिनाचे क्रमांक, नोंदणीपुस्तकातल्या हस्तांतराच्या नोंदी, आणि कोणता बदल कशासाठी केला याची मिस्त्रीने सांगितलेली हकीकत उतरवून ठेवता येईल. जिल्ह्याच्या ठिकाणी एखादी तरी गाडी तिच्या सर्व जोडकामासह ठेवता येईल. मस्टँगच्या ओरखड्यांना इतिहास म्हणणारे जग धानोऱ्याच्या रस्त्यावरच्या ठिगळांनाही तोच शब्द वापरील, पण त्यासाठी ती ठिगळे आधी कोणीतरी लिहून ठेवलेली असली पाहिजेत.