‘लॉग इन’मधला ओंडका

मूळ क्रियापदाला ‘इन’, ‘आउट’, ‘अप’ यांसारखे अव्यय जोडून, दोन्ही घटकांच्या बेरजेतून सहसा उलगडत नाही असा अर्थ देणारे जोडक्रियापद घडवण्याची इंग्रजीची रीत परभाषकांना नेहमीच चकवत आली आहे. ‘लॉग इन’ मात्र आज कुणालाच अडत नाही, आणि म्हणूनच त्यातला ‘लॉग’ म्हणजे लाकडाचा ओंडका, हे कुणाच्या ध्यानीमनीही नसते.

जहाजाचा वेग मोजण्यासाठी इंग्रज खलाशी दोरीला बांधलेले लाकूड मागच्या बाजूने समुद्रात सोडीत, आणि विल्यम बोर्न याच्या 1574 सालच्या नौकानयनविषयक ग्रंथात या रीतीचे वर्णन आहे. पुढे या लाकडाची पाव वर्तुळाच्या आकाराची फळी झाली, जिच्या गोल कडेला शिसे बसवलेले असल्याने ती पाण्यात उभी तरंगत जवळजवळ जागीच राही, तर जहाज पुढे सरके तशी दोरी रिळावरून सुटत जाई. वाळूचे घड्याळ 28 सेकंदांचे असल्यास दोरीवर सुमारे 47 फूट 3 इंचांच्या अंतराने गाठी असत, आणि वाळू सरेपर्यंत जितक्या गाठी हातातून निसटत तितके सागरी मैल हा ताशी वेग ठरे; ‘नॉट’ म्हणजे गाठ, हे वेगाचे एकक त्यातूनच आले. हे आकडे, आणि त्यांच्याबरोबर वारा, दिशा, इतकेच काय खलाशांचे गुन्हेही, ज्या वहीत उतरत ती ‘लॉगबुक’, आणि तीत नोंद करणे म्हणजे ‘लॉग’ करणे.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेत फर्नांडो कॉर्बातो यांच्या गटाने, एकच महागडा संगणक अनेकांना एकाच वेळी वापरता यावा अशी प्रणाली नोव्हेंबर 1961 मध्ये दाखवली, आणि तेथे यंत्राचा वेळ कुणी किती घेतला याचा हिशेब ठेवणे भागच होते. त्या प्रणालीतील ‘लॉगिन’ ही आज्ञा म्हणजे दार उघडणे कमी आणि वहीत नाव चढवणे अधिक. 29 ऑक्टोबर 1969 रोजी लॉस एंजेलिसहून स्टॅनफर्ड संशोधन संस्थेकडे हीच आज्ञा अर्पानेट या इंटरनेटच्या पूर्वसुरी जाळ्यावरून धाडताना ‘एल’ आणि ‘ओ’ ही दोनच अक्षरे पोहोचली आणि पलीकडची प्रणाली बंद पडली.

मराठी संकेतस्थळांवर कोठे कोठे दिसणारे ‘प्रवेश करा’ हे भाषांतर यातली नोंदच गाळते; अर्थाने अधिक जवळचा शब्द खरे तर कारखान्यातल्या मस्टरवरची ‘हजेरी’ हा होता. बोलीने मात्र भाषांतराची वाट पाहिली नाही, ‘करणे’ आणि ‘होणे’ जोडून तिने ‘लॉग इन केलं’, ‘आपोआप लॉग आउट झालं’ असे प्रयोग रुळवले. इंग्रजीत या दोन शब्दांच्या मध्ये कर्म येऊ शकते, मराठीत ते कधीच येत नाही, त्यामुळे ‘लॉगिन’ असे एकसंध लिहिणाऱ्या मराठी माणसाची चूक काढणे अवघड आहे.